छपरावरची फांदी

काल रात्रीच्या वाऱ्यात झाडाची जाडजूड फांदी मोडून थेट आमच्या छपरावर. सगळं घर ताडकन उठून बसलं. कुणाला काही लागलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे फोन नकोत.

उजाडल्यावर जो तो म्हणत होता, "आधी ती फांदी ओढून काढा!" सुतारांनी मात्र कुणाला हात लावू दिला नाही. फांदीचं टोक कौलं फोडून आत घुसलं होतं आणि तिथेच बुचासारखं बसलं होतं. ओढली असती तर भोक वाढलं असतं, शिवाय घसरत येताना खालच्या रांगेतली धड कौलंही गेली असती. मग त्या खोलीची वीज बंद केली, विम्यासाठी चारी बाजूंनी फोटो काढले. आधी डहाळ्या छाटून वजन कमी केलं आणि जाड भाग दोर बांधून तुकड्यातुकड्याने उतरवला.

खरी गंमत माळ्यावर. भोक एका कोपऱ्यात आणि ओल भलतीकडेच! पाणी वाशावरून ओघळत जाऊन पार भिंतीपाशी टपकत होतं. टॉर्च मारली तर वाशालाही बारीक चीर. खालून ती दिसणं शक्यच नव्हतं.

तूर्त ताडपत्री टाकलीय, वरची कड आढ्यापलीकडे नेऊन, म्हणजे वरून येणारं पाणी ताडपत्रीखाली शिरत नाही. विमावाले पाहून जाईपर्यंत फुटकी कौलं टाकायची नाहीत, त्यामुळे ढीग दारातच. नव्या कौलांचं माप जुन्यांना जुळत नाहीये. कुणाकडे जुनी पडून असतील तर कळवा.