टोपी त्यांची, पाय कुणाचे?

दुपारी ताप १०१ वर गेला आणि मला आजोबांची टोपी आठवली. तापात काय आठवावं याला काही धरबंध नसतो.

पाच-सहा वर्षांचा असेन. आजीला मोतीबिंदू झालेला, दिसायचं अंधुक. आजोबांची टोपी चढवून, त्यांच्यासारखं खोकत, काठी आपटत मी तिच्यासमोरून खाऊच्या कपाटाकडे निघालो. टोपी पार नाकावर आलेली. आजी गप्प. कडीला हात लागला तेव्हा म्हणाली, "टोपी त्यांची, पण पाय कुणाचे?"

फ्लूचा विषाणू हाच उद्योग करतो. आपल्या पेशीत निरोप नेणाऱ्या आरएनएच्या टोकावर विकरं (एन्झाइम) एक टोपी बसवतात. शास्त्रज्ञही तिला 'कॅप'च म्हणतात. बोडक्या आरएनएच्या टोकाला तीन फॉस्फेट उघडे राहतात, आणि रिग-आय नावाचं पहारेकरी प्रथिन तेच चाचपत फिरत असतं. मग फ्लू काय करतो, तर आपल्याच आरएनएची टोपी खालच्या १०-१३ अक्षरांसकट कापून घेतो आणि स्वतःच्या निरोपांना घालतो. (कोरोना त्यापेक्षा कष्टाळू, स्वतःची टोपी स्वतः शिवतो.) पण फ्लूचा मूळ जनुकीय आरएनए बोडकाच राहतो. रिग-आय त्यालाच धरतं. पाय कुणाचे?

मग बोंबाबोंब. इंटरफेरॉन नावाचं, धोक्याचा इशारा देणारं प्रथिन सुटतं, शेजारच्या पेशी सावध होतात, आणि आपण पांघरूण ओढून विषाणूला शिव्या देतो. खरं तर ताप आपल्याच माणसांनी आणलेला असतो. त्यातलं आरनेज-एल हे विकर तर माझ्या स्वभावाचं. एकदा चिडलं की विषाणूचा आरएनए फाडतं, घरचाही फाडतं. वर ते कपटे बघून रिग-आय आणखी ओरडतं. मीही नको असलेलं एक पत्र फाडताना टेबलावरचे सगळे कागद फाडलेत, तेव्हा मला बोलायला तोंड नाही.

मला जास्त नवल वाटतं ते एडार-वन या विकराचं. आपल्या स्वतःच्या आरएनएतही दुपदरी वळसे असतात, थेट विषाणूसारखे दिसणारे. हे विकर त्यांच्या अक्षरांतलं एखादं अ‍ॅडेनोसीन बदलून इनोसीन करतं. तेवढ्याने पीळ सैल पडतो आणि एमडीए-फाइव्ह हा दुसरा पहारेकरी उगाच खवळत नाही. आयुष्यभर, कुणाला न कळता, हे काम चालू असतं.

काही मुलांत ते जन्मतःच बिघडलेलं असतं. एकार्डी-गूतिएर नावाचा आजार. विषाणू कुठेच नसतो, तरी इंटरफेरॉन सुटत राहतं आणि कोवळ्या मेंदूला इजा होते. घरातलंच माणूस घरात आलेलं असतं, एवढंच.

थर्मामीटर पुन्हा लावला. १०१.४.

आजीने त्या दिवशी खाऊ दिला होता का, ते काही केल्या आठवत नाही.