पहिला भाग प्रसारित झाला

आज माझ्या हौशी पॉडकास्टचा पहिला भाग प्रसारित झाला. भाग अवघा ११ मिनिटांचा आहे. त्यामागे तीन संध्याकाळी गेल्या, हे मात्र ऐकणाऱ्याला कळू नये अशी इच्छा आहे. ध्वनिमुद्रित झालेला स्वतःचा आवाज प्रथम ऐकला तेव्हा तो कोणा परक्याचा वाटला, कारण बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो आणि हाडांतून येणारा खर्ज मायक्रोफोनपर्यंत पोहोचतच नाही. कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्यासमोर बसल्यावर खोलीतला घुमारा बराच कमी झाला. (घरच्यांनी ते दृश्य पाहिले, त्याबद्दल अधिक न बोललेले बरे.)

खरी गंमत आली ती संपादनात. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वाक्यांमधले सगळे श्वास कापून टाकल्यावर बोलणे इतके यांत्रिक वाटू लागले, की निम्मे श्वास मी पुन्हा जागेवर ठेवले. कापलेली जागा कोरी ठेवूनही चालत नाही; तिथे त्याच खोलीतल्या शांततेचे ध्वनिमुद्रण भरावे लागते, नाहीतर कानाला खड्डा जाणवतो. रात्रीपर्यंत सात जणांनी भाग ऐकला असून त्यांतला एक मीच आहे.