ना ओलं, ना सुकं

देव-दानवांची मैत्री लिहायला घेतली की बहुतेक कथा एकाच खड्ड्यात जाते. तिसऱ्या प्रकरणापर्यंत दानव विरघळतो. मांजरीची पिल्लं कुरवाळतो, पाऊस बघून डोळे पुसतो. मग उरतात दोन देव, त्यातल्या एकाला शिंगं आहेत इतकंच.

महाभारताच्या शल्यपर्वातला नमुची असा विरघळत नाही. इंद्राच्या धाकाने तो सूर्यकिरणांत लपलेला असतो. इंद्र त्याच्याशी मैत्री करतो आणि शब्द देतो : ओल्याने मारणार नाही, सुक्याने नाही, रात्री नाही, दिवसाही नाही. (मित्राला अशी यादी देतं का कोणी? शंका यायला हवी ती इथेच.) पुढे धुकं दाटतं आणि इंद्र पाण्याच्या फेसाने नमुचीचं डोकं उडवतो. ते डोकं ‘मित्रघातक्या, पाप्या’ असं ओरडत त्याच्या मागे लागतं. शेवटी अरुणा-सरस्वतीच्या संगमात बुडी मारून इंद्र पापातून सुटतो. डोकंही तिथेच पडतं आणि नमुचीलाही अक्षय लोक मिळतात.

कारागिरी बघावी ती त्या फेसात. धुकं आणि पाणी सगळ्यांच्या रोजच्या बघण्यातलं, फट मात्र कोणाला दिसलेली नसते. याच जागी इंद्राने ऐनवेळी एखादं नवं अस्त्र काढलं असतं, तर नमुचीला नव्हे, वाचकाला फसवल्यासारखं झालं असतं.

शिवाय शब्दातून पळवाट काढतो तो देव. दानव शब्दाला चिकटून राहतो आणि त्यातच जातो. बळीला तर शुक्राचार्यांनी बजावलं होतं, तरी त्याने वामनाला दिलेला शब्द फिरवला नाही. तेव्हा दानवाला प्रेमळ करू नये. शब्दाचा पक्का करावा. राग, हाव, गर्व, सगळं तसंच ठेवावं.

समुद्रमंथनाला मात्र मैत्री म्हणू नये. तो ठेका होता. वासुकीचं तोंड असुरांकडे, शेपटी देवांकडे, आणि अमृत वर येताच मारामारी. कामापुरता एकत्र आलेल्यांना गप्पा मारायला वेळच नसतो, आणि मैत्री तर रिकाम्या वेळातच मुरते.

तसा वेळ छांदोग्य उपनिषदात आहे. देवांकडून इंद्र आणि असुरांकडून विरोचन, आत्मा म्हणजे काय ते प्रजापतीकडे शिकायला येतात, एकमेकांशी काही न ठरवता, हातात समिधा घेऊन. ३२ वर्षं राहतात. या ३२ वर्षांत दोघं आपसांत काय बोलले, यावर एक ओळ नाही! कथाकाराला याहून मोठी मोकळी जागा कुठे मिळणार? उत्तर मिळतं, दोघं समाधानाने निघतात. वाटेत इंद्राला शंका येते आणि तो मागे फिरतो. पुढे शिकता शिकता त्याची एकूण १०१ वर्षं होतात. विरोचन ‘देह म्हणजेच आत्मा’ हे उत्तर घेऊन असुरांकडे जातो. मागे फिरताना इंद्राने त्याला हाक मारली का, हे उपनिषद सांगत नाही.