सिटी की काउंटी? सेंट लुइसमध्ये घर शोधतानाचे आमचे आठ महिने

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या सेंट लुइसला येऊन तीन वर्षं झाली होती, लीज संपत आलं होतं आणि नवऱ्याने एक दिवस जेवताना जाहीर केलं की आता भाडं बास, घर घेऊया. मला वाटलं दोन-तीन महिन्यांचं काम. लागले आठ, आणि त्यातले पहिले चार तर घर बघण्यात नाही, रेषेच्या कुठल्या बाजूला बघायचं ह्या वादातच गेले.

रेष म्हणजे काय ते आधी सांगते. सेंट लुइस शहर (आम्ही म्हणतो ती 'सिटी') सेंट लुइस काउंटीत नाही. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. १८७६ मध्ये मतदान घेऊन शहर काउंटीपासून वेगळं झालं, तेव्हा शहरवाल्यांना वाटत होतं आपला पैसा बाहेरच्या शेतांना आणि रस्त्यांना कशाला द्यायचा, आणि हद्द त्या वेळी जी आखली ती आजपर्यंत तशीच आहे, साधारण ६२ चौरस मैल. मग पुढे लोकच हद्दीबाहेर राहायला गेले. १९५० ला शहरात ८,५६,७९६ माणसं होती, २०२० च्या सेन्ससला ३,०१,५७८ उरली, आणि ज्यांना तेव्हा ओझं म्हणून सोडलं त्या काउंटीत आता जवळपास १० लाख लोक आहेत. काउंटीत परत जवळपास ९० छोटी छोटी गावं, बऱ्याच जणांचा आपापला महापौर, कित्येकांचे आपापले पोलीस. २०१९ मध्ये सगळं एकत्र करायचा एक प्लॅन आला होता, तो मे महिन्यातच मागे घेतला गेला.

सासरे फोनवर म्हणाले, "काउंटी म्हणजे जिल्हा ना गं? भर शहरातलं सोडून जिल्ह्याच्या गावाला कशाला जाताय?" त्यांना समजावताना माझीच दमछाक झाली, कारण आपल्याकडे मध्यवस्तीत घर म्हणजे पैसेवाला आणि लांब गेला तो परवडत नाही म्हणून गेला, इथे बऱ्यापैकी उलटं. "बरं, तुमचं तुम्ही बघा" म्हणाले, म्हणजे पटलं नाही.

आमची परिस्थिती अशी की माझी नोकरी सेंट्रल वेस्ट एंडला, म्हणजे सिटीत, लॅबमध्ये, आणि राहतही तिथेच होतो, मी चालत कामाला जायचे. नवऱ्याचं ऑफिस चेस्टरफील्डला, म्हणजे काउंटीच्या पश्चिम टोकाकडे, आठवड्यातून तीन दिवस जावं लागतं. मुलगी चार वर्षांची. त्यामुळे कुठेही घर घेतलं तरी दोघांपैकी एक जण गाडीत बसून वैतागणार हे पक्कं होतं.

आमच्या मराठी ग्रुपवर विचारलं तर प्रश्नच वेगळा आला. सिटी की काउंटी नाही, "पार्कवे की रॉकवूड?" हे दोन्ही वेस्ट काउंटीतले स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळांच्या हद्दी, घर ज्या हद्दीत तिथली शाळा. आपली बरीच मंडळी तिकडेच, बॉलविन, चेस्टरफील्ड, देऊळही बॉलविनला. सिटीत घर बघतोय म्हटल्यावर एका काकूंनी लगेच फोन केला, "अगं मुलगी आहे ना तुला?" एवढंच. पुढचं वाक्य बोलल्याच नाहीत, पण मला कळलं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं.

त्यात ह्या गावाची एक खोड आहे, नवीन माणूस भेटला की विचारतात, हायस्कूल कुठलं? कॉलेज नाही, हायस्कूल. म्हणजे त्यावरून समोरचा कुठल्या भागातला, कुठल्या धर्माचा, खिसा केवढा, सगळं कळतं म्हणे. नवऱ्याने ऑफिसात सांगितलं, सातारा. पुढे कोणी काही विचारलं नाही.

आता टॅक्स, कारण ह्याच्यावर आमच्यात दोन रविवार भांडण झालं. सिटीचा १ टक्का अर्निंग्ज टॅक्स, म्हणजे कमाईवरचा कर, आहे. सिटीत काम करणाऱ्याला लागतो, मग तो राहो कुठेही, आणि सिटीत राहणाऱ्याला लागतो, मग तो काम करो कुठेही. म्हणजे माझा कापला जातच होता आणि घर चंद्रावर घेतलं तरी कापला जाणार होता. नवऱ्याचा मात्र काउंटीत गेलो तर सुटत होता. पगार ८०,००० डॉलर धरला तर वर्षाला ८००. तो म्हणे ८०० म्हणजे ८००, मी म्हटलं चेस्टरफील्डला घर घेतलं तर मला दुसरी गाडी लागेल, तिचं पेट्रोल, इन्शुरन्स, शिवाय मिझुरीत गाडीवरही दरवर्षी प्रॉपर्टी टॅक्स भरायचा आणि त्याची पावती दाखवल्याशिवाय नंबर प्लेट रिन्यू होत नाही, त्याचं काय? शेवटी एक्सेल शीट केली. घराच्या टॅक्सला किमतीच्या १९ टक्के रक्कम धरतात आणि त्यावर जिथल्या तिथला रेट, ह्या रेटचा मोठा हिस्सा शाळांचा, त्यामुळे दोन मैलांवर तेवढ्याच किमतीच्या घराचं बिल वेगळं. शीट इतकी मोठी झाली की त्यातून काहीच ठरेना. माझ्या मते एकच रकाना कामाचा होता, सकाळी आठ वाजता प्रत्यक्ष गाडी चालवून लागलेली मिनिटं. ते जरूर करा. मॅप ॲपवर रविवारी दुपारी बघून ठरवू नका, चेस्टरफील्डहून सकाळी हायवे ६४ ने (इथले लोक त्याला अजून फोर्टीच म्हणतात) सिटीकडे येऊन बघा, मग बोला.

सिटीतली घरं मात्र मला फार आवडली. लाल विटांची, जुनी, जिन्याला कोरीव लाकूड, खिडकीत रंगीत काच. १८४९ ला मोठी आग लागली होती, त्यानंतर लाकडी घरांना बंदी आली आणि खालची माती विटांना उत्तम, म्हणून सगळं शहर विटांचं. टॉवर ग्रोव्ह पार्कच्या बाजूची दोन घरं बघितली, शॉ नावाच्या भागात एक. शॉच्या घराला ऑफरही दिली, दुसऱ्याने जास्त दिली, गेलं. रडू आलं मला, नवऱ्याला चक्क हायसं वाटलेलं दिसलं, त्यावर परत एक भांडण.

एजंट बाई चांगली होती. पण तिला मी विचारलं, हा भाग सेफ आहे का, तर ती म्हणाली ह्याचं उत्तर मी देणार नाही, फेअर हाउसिंगचा कायदा आहे, कुठल्या भागात कशी माणसं राहतात ह्यावरून गिऱ्हाईक वळवलेलं चालत नाही, तुम्ही पोलिसांचे आकडे बघा, संध्याकाळी चक्कर मारा, स्वतः ठरवा. मला आधी रागच आला, पैसे कशाचे घेते मग. नंतर विचार केला तर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे फुकट मिळत होतं तेच ती द्यायला नाही म्हणत होती.

चक्कर मारली. डेलमार म्हणून एक रस्ता आहे, शहराला आडवा कापणारा, दक्षिणेला गोरी आणि बऱ्यापैकी पैसेवाली वस्ती, उत्तरेला जवळपास सगळी काळी. आम्ही तीन वर्षं त्या रस्त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होतो आणि उत्तरेला कधी गेलोच नव्हतो, कारण काही काम पडत नव्हतं, असं मी म्हणायचे. गेलो तर तीच वीट, तशीच घरं, पण मधेमधे दात पडल्यासारखे रिकामे प्लॉट. २०२५ च्या मे महिन्यात टॉर्नेडो आला तो काउंटीतल्या क्लेटनहून फॉरेस्ट पार्कमधून ह्याच भागात घुसला होता, आणि आम्ही गेलो तेव्हा कितीतरी छपरांवर अजून निळी ताडपत्री होती. लबाडी अ‍ॅव्हेन्यूवर (नाव खरंच असं आहे, मराठी माणसाला हसू येणारच) ४६०० नंबरचं घर बघितलं. शेली नावाच्या काळ्या कुटुंबाने ते १९४५ ला घेतलं होतं, आणि दस्तात 'इथे गोऱ्यांशिवाय कोणी राहायचं नाही' अशी अट होती म्हणून शेजाऱ्यांनी केस केली, ती सुप्रीम कोर्टात गेली आणि १९४८ ला निकाल लागला की असली अट कोर्टं अमलात आणू शकत नाहीत. साधं दुमजली घर आहे. आम्ही गाडीतूनच बघितलं, उतरलो नाही.

त्या दिवसानंतर मी घरात 'चांगली शाळा' हा शब्द बंद केला. शाळेबद्दल बोलायचं तर वर्गात मुलं किती, आफ्टर केअर किती वाजेपर्यंत, ते बोलू, 'चांगली' म्हणून बाकीचं सगळं त्यात गुंडाळायचं नाही. मी लगेच सिटीतच घर घेतलं असं मात्र नाही झालं. सिटीतल्या शाळेसाठी मॅग्नेटची (खास विषयांच्या सरकारी शाळा) लॉटरी, चार्टरची (सरकारी पैशावर पण स्वतंत्र चालणाऱ्या शाळा) लॉटरी, नंबर नाही लागला तर काय, हे टेन्शन मला झेपणारं नव्हतं. हे मी मान्य करते, उगाच मोठेपणा नको.

शेवटी घेतलं ते मेपलवूडला. काउंटीत, पण सिटीच्या हद्दीला अगदी खेटून. शाळेचा डिस्ट्रिक्ट छोटासा, मेट्रोलिंक म्हणजे इथल्या लोकल ट्रेनचं स्टेशन आहे, ब्लू लाइनने मी थेट सेंट्रल वेस्ट एंडला उतरते, दुसरी गाडी लागली नाही. नवऱ्याचे ८०० वाचले, माझा १ टक्का चालूच. फॉरेस्ट पार्क जवळ, तिथलं झू आणि आर्ट म्युझियम सगळ्यांना फुकट, कारण १९७१ पासून त्याच्या खर्चाचा मोठा हिस्सा सिटी आणि काउंटी दोघांच्या प्रॉपर्टी टॅक्समधून निघतो. ह्या एका बाबतीत तरी दोघांचं जमलंय.

घर विटांचं, १९२० च्या दशकातलं, बंगली म्हणा. जुनं घर घेणाऱ्यांना एकच सांगते, सीवर लाइनमध्ये (सांडपाण्याच्या पाइपात) कॅमेरा घालून घ्याच. आमच्या मातीच्या पाइपात झाडाची मुळं शिरलेली दिसली आणि त्यावर किंमत थोडी कमी करून घेता आली. बेसमेंटला ओल असतेच, आमच्याही आहे, डीह्युमिडिफायर लावलाय, रोज बादलीभर पाणी काढतो.

क्लोजिंगच्या, म्हणजे सह्या करून घर ताब्यात घ्यायच्या, चार दिवस आधी टायटलचे (मालकीहक्काचे) कागद आले. नवरा म्हणाला वाचायची गरज नाही, मी हट्टाने वाचायला बसले. त्यात आमच्या सबडिव्हिजनच्या (वसाहतीच्या) जुन्या अटी जोडलेल्या होत्या, टाइपरायटरवरच्या, पुसट. कुंपण किती उंच, कोंबड्या पाळायच्या नाहीत, आणि मग त्याच दमात पुढचं कलम, की कॉकेशियन (गोरा) नसलेल्या कोणालाही घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, राहू द्यायचं नाही, घरकामाचे नोकर सोडून. मी ते दोनदा वाचलं. नवऱ्याला दाखवलं, तो काहीच बोलला नाही, चहा करायला गेला. टायटलवाल्या बाईला फोन केला तर ती म्हणाली हो हो, ह्या भागातल्या जुन्या कागदांत असतं असं, त्याला आता काही अर्थ नाही, तिसऱ्या पानावर तसं लिहिलेलं आहे बघा. बघितलं, होतं लिहिलेलं. क्लोजिंगला त्या पानाच्या कोपऱ्यात मी इनिशियल्स केली.

किल्ली मिळाली तरी लगेच राहायला जाता येत नाही, आधी ऑक्युपन्सी परमिट, म्हणजे राहण्याचा परवाना, लागतं. इन्स्पेक्टर आला, बेसमेंटच्या जिन्याला कठडा लावायला सांगितला, तो लावला, दुसऱ्यांदा येऊन पास केलं. त्या फॉर्मवर घरात कोण कोण राहणार त्यांची नावं लिहायची असतात. आमची तीन लिहिली. आता नोव्हेंबरात सासू-सासरे येतायत सहा महिन्यांसाठी, त्यांचीही नावं त्यात घालावी लागतात का हे विचारायला फोन करायचाय, तो अजून राहिलाच आहे.