कमरेखालची फट

बुधवार, रात्र

पंचेचाळिसाव्या सेकंदाला ताईचा हात कमरेखालून आरपार गेला. पाय हवेत, दंड कानाला चिकटलेले, घड्याळ चालू, आणि कंबर जमिनीवर नव्हती. "कधीपासून सुटलीय?" तिने विचारलं. सांगता आलं नाही. तेच सलतंय.

बांबूउडीच्या (पोल व्हॉल्टच्या) सरावाच्या वहीत महिनाभर '६० सेकंद, ३ सेट' असं लिहिलंय. त्यातले खरे किती? होलो होल्डमध्ये, म्हणजे पाठीवर पडून, कंबर जमिनीला दाबून हातपाय वर धरून ठेवण्यात, कंबर उचलली गेली की पोटाची पकड गेलेली असते. मांडीच्या मुळाशी असलेले, पाय वर ओढणारे स्नायू ओटीपोट पुढे कलंडवतात, कमरेची कमान होते आणि भार मणक्यावर येतो. पाय वरच राहतात, म्हणून बाहेरून सगळं ठीक दिसतं.

आणि ही फट उडीतसुद्धा उघडत असणार. पोल बॉक्समध्ये, म्हणजे धावपट्टीच्या टोकाच्या खाचेत, टेकतो, पाय जमीन सोडतो, त्या क्षणी धड ताणलेलं पण घट्ट हवं. तरच धावेचा जोर पोल वाकवतो. धड ढिलं असलं तर कंबर पुढे निसटते आणि जोर अंगातच जिरतो. मग वाटतं, पोलच कडक आहे. इतके दिवस पोललाच दोष दिला. पुढच्या महिन्यातली स्पर्धा... नको, आज तो विषय नको.

महिना वाया गेला, असं संध्याकाळभर वाटत होतं. जेवणानंतर पुन्हा जमिनीवर पडून पाहिलं. कमरेखाली पातळ टॉवेल आडवा घातला, एक टोक ताईच्या हातात. ती हळूच ओढत राहणार. टॉवेल सरकला की सेट तिथेच संपला. पाय सरळ, टाचा जमिनीपासून वीतभर: अकराव्या सेकंदाला सरकला. पाय पंचेचाळीस अंशांवर नेले, तर विसाव्याला. गुडघे छातीशी घेतले, तर सरकलाच नाही. श्वास रोखला की फासळ्या वर येतात आणि कंबर सुटते. तोंडाने सावकाश सोडला की फासळ्या खाली बसतात. एवढं कळायला एक टॉवेल लागला.

लटकून पाय वर उचलण्याचंही तेच. झाडाची जाड, वाळकी नसलेली फांदी पुरते. आधी पाय जमिनीवर ठेवून निम्मं वजन टाकून पाहायचं. पूर्ण स्थिर लटकायचं, कोपर सरळ, घोटे फांदीपर्यंत, उतरताना चार सेकंद. झोका घेऊन मारलेले दहा मोजायचे नाहीत, सुटे पाच मोजायचे. कोपर वाकले तर हात ओढायला लागतात आणि उडीतही तीच खोड लागते. गुडघे लवकर दुमडले तर उडीत जमीन सोडणाऱ्या, मागे राहिलेल्या पायाचा लांब झोका तुटतो. याच्या पुढचा, सरळ हातांनी पूर्ण उलटं होण्याचा व्यायाम, १९९४ मध्ये ६.१४ मीटर उडी मारणाऱ्या सर्गेई बुब्काच्या नावाने ओळखला जातो. तो अजून लांब आहे. आधी जमिनीवर: डोक्यामागे जड पलंगाचा पाय धरायचा, गुडघे छातीकडे, मग तळवे छताकडे ढकलायचे. भार खांद्यांवर, मानेवर नाही. उतरताना पाच सेकंद, एकेक मणका टेकवत. धाडकन पडलं तर ते आवर्तन बाद.

आठवड्यातून तीन दिवस, धावणं आणि उड्या झाल्यावर, आधी कधीच नाही. थकलेल्या पोटाने पोल टेकवणं धोक्याचं.

मन जरा निवलंय. महिनाभराचे आकडे खोडले नाहीत, त्यांच्याखाली रेघ ओढली. आजचं लिहिलं: गुडघे दुमडून होलो, १० सेकंद, ६ सेट, मध्ये एक मिनिट. सहाव्या सेटला, नवव्या सेकंदाला टॉवेल बोटभर सरकला. म्हणजे पाच. शुक्रवारी पुन्हा, हाच टॉवेल.