फुटलेली ट्यूब कापण्याआधी

वीज केंद्राच्या बॉयलरमधली ट्यूब, म्हणजे पाणी किंवा वाफ नेणारी नळी, फुटली की सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: संच परत कधी लागणार? ५०० मेगावॉटचा संच तासभर बंद म्हणजे ५ लाख युनिट वीज गेली, त्यामुळे घाई समजू शकते. पण त्या घाईत भट्टी जरा थंड झाली की गॅस कटर आत जातो, फुटका तुकडा कापला जातो आणि थेट भंगारात पडतो. ट्यूब का फुटली हे सांगू शकणारी एकमेव वस्तू तीच होती. नवा तुकडा वेल्ड होतो, हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) पास होते, आणि मूळ कारण आत तसंच राहतं.

आत गेल्यावर बहुधा एक नाही, पाच-सात ट्यूबांना भोकं दिसतात. त्यातलं सगळ्यात मोठं भोक म्हणजे पहिलं भोक, हा सर्रास होणारा गैरसमज. पहिल्या गळतीतून सुटलेली वाफ राख सोबत घेऊन समोरच्या ट्यूबला कापते, ती फुटली की तिची वाफ तिसरीला. अशी नंतर फुटलेली ट्यूब ओळखू येते. ती बाहेरून आत झिजलेली असते, धातू चकाकतो आणि कडा धुतल्यासारख्या गुळगुळीत असतात. प्रत्येक भोकाकडे कुठून झोत आला ते बघत मागे मागे जायचं. ज्या ट्यूबवर कुणाचाच झोत आलेला नाही, ती पहिली. अनेकदा तिचं भोक टाचणीच्या टोकाएवढंच असतं.

ती सापडली की आधी फोटो, शेजारी पट्टी ठेवून. मग पेंटने कुठल्या उंचीवर, डावीकडून कितवी कॉइल, त्यात कितवी ट्यूब, पाणी किंवा वाफ कुठल्या दिशेने वाहते आणि आगीची बाजू कुठली, एवढं तुकड्यावर लिहायचं. फुटीच्या दोन्ही बाजूंना किमान १५० मिमी सोडून हॅकसॉने कापायचं. गॅसने कापलं तर उष्णतेने धातूची रचना बदलते, शिवाय स्लॅग (वितळलेल्या धातूचा मळ) ट्यूबमध्ये पडून खालच्या बेंडमध्ये, म्हणजे वळणात, बसतो. वायरब्रश मारायचा नाही, आणि फुटीच्या दोन कडा एकमेकींना लावून बघायच्या नाहीत. तोंडांना प्लॅस्टिकची टोपणं लावायची, म्हणजे आतला थर सांडत नाही. शेजारच्या चांगल्या ट्यूबचाही एक तुकडा घ्या, तुलनेशिवाय लॅबचा अहवाल अर्धाच असतो.

आता फुटलेली कड बघा. माशाच्या तोंडासारखी उघडलेली ट्यूब, कडा सुरीसारख्या पातळ, घेर फुगलेला, म्हणजे थोड्या वेळात झालेलं तीव्र ओव्हरहीटिंग. आतला प्रवाह अचानक कमी झालेला असतो. ५०० मेगावॉटच्या कंट्रोल्ड सर्क्युलेशन (पंपाने पाणी फिरवणाऱ्या) बॉयलरमध्ये वॉटरवॉलची, म्हणजे भट्टीच्या भिंतीतली, ट्यूब अशी गेली तर तिचा ऑरिफिस (प्रवाह ठरवणारं छिद्र) उघडून बघितलाच पाहिजे. भोक वर असतं, पण त्याचं मूळ खाली रिंग हेडरमध्ये, म्हणजे ट्यूबांना पाणी वाटणाऱ्या जाड नळीत. याउलट तोंड अरुंद, कडा जाड, आत-बाहेर काळ्या ऑक्साइडचा जाड थर आणि त्यात ट्यूबच्या लांबीला समांतर बारीक भेगा असतील, तर ती ट्यूब वर्षानुवर्षं थोडी जास्त गरम चालली आहे.

'थोडी जास्त' किती महाग पडते ते तापमान आणि आयुष्य जोडणाऱ्या लार्सन-मिलर सूत्राने कळतं. समजा सुपरहीटरची (वाफ आणखी तापवणारी) ट्यूब ५५० अंश सेल्सिअसला १ लाख तास टिकणारी आहे. स्थिरांक २० धरून तोच ताण आणि ५६० अंश घेतले तर आयुष्य सुमारे ५० हजार तासांवर येतं, ५७० अंशांना जेमतेम २५ हजारांवर. आतला ऑक्साइड उष्णता अडवतो, त्याने धातू आणखी तापतो, मग थर आणखी वाढतो.

राखेच्या झिजेचं गणित वेगळं. आपल्या दगडी कोळशात ३५-४० टक्के राख सहज असते आणि तिच्यातली क्वार्ट्झ इकॉनॉमायझरच्या (बॉयलरला जाणारं पाणी गॅसने तापवणाऱ्या भागाच्या) बेंडना घासते. ५१ मिमी व्यासाची, ५.६ मिमी जाडीची ट्यूब १७० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाला साधारण ६९० किलो प्रति चौरस सेंटिमीटर ताण घेते. जाडी निम्मी झाली की ताण दुपटीहून थोडा जास्त होतो, आणि ट्यूब तरीही काहीच कुरकुर करत नाही. साधं कार्बन स्टील फुटायला ताण साधारण ४,२०० किलोंपर्यंत जावा लागतो आणि तो येतो जाडी १ मिमीजवळ आल्यावर. म्हणून फुटलेल्या एका ट्यूबवरून तिच्या ओळीची अवस्था समजून घ्यायची, आणि त्याच शटडाऊनमध्ये सगळ्या बेंडची जाडी मोजायची. भिंतीलगत गॅसला मोकळी वाट मिळत असेल तर बॅफल (गॅस अडवणारा पत्रा) सुटलंय का तेही बघायचं. तिथे गॅसचा वेग वाढतो, आणि झीज वेगापेक्षा कितीतरी जास्त पटीने वाढते.

सगळ्यात फसवी असते हायड्रोजनची इजा. कंडेन्सरची (वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राची) ट्यूब गळते, थंड करणारं पाणी फीडवॉटरमध्ये, म्हणजे बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात, येतं, क्लोराइडमुळे बॉयलरच्या पाण्याचा पीएच घसरतो आणि वॉटरवॉलच्या आतल्या थराखाली आम्ल साचतं. तिथे तयार झालेला हायड्रोजन पोलादातल्या कार्बनशी जुळून मिथेन बनवतो, तो कणांच्या सीमांवर अडकतो आणि धातू आतून भेगाळतो. मग खिडकी उघडावी तसा जाड कडांचा आख्खा तुकडा उडतो, फुगवटा नाही की पातळपणा नाही. साधा जाडी मोजणारा गेज इथे समाधानकारक आकडे दाखवू शकतो. अशा ट्यूबवर पॅड वेल्डिंग (वरून धातूचा थर चढवणं) करू नका, वेल्डच्या शेजारीच पुन्हा फुटेल. छेद घेऊन तो गरम हायड्रोक्लोरिक आम्लाने एच करा (आम्लाने पृष्ठभाग खाऊ द्या), बाधित भाग काळसर दिसतो. तो जिथे संपतो त्याच्या पलीकडून कापा. आतल्या थराचं वजनही करून घ्या. उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये ते ४० मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरच्या वर गेलं तर एक ट्यूब बदलून भागत नाही, रासायनिक सफाई करावीच लागते. आणि कंडेन्सरची गळती आधी बंद.

अहवालात 'ओव्हरहीटिंग' हा एकच शब्द लिहून थांबू नये. प्रवाह कुठे अडला, कशाने अडला आणि त्याच हेडरवरच्या आणखी किती ट्यूब तपासल्या, हेही लिहावं. सुपरहीटरमध्ये ऑक्साइडचे पापुद्रे सुटून खालच्या बेंडमध्ये साचल्याची शंका असेल, तर लाइट-अप करण्याआधी (भट्टी पेटवण्याआधी) त्या पॅनेलच्या सगळ्या खालच्या बेंडची रेडिओग्राफी करून घ्यावी. फिल्मवर पापुद्र्यांचा ढीग स्पष्ट दिसतो. तो ट्यूबच्या आतल्या निम्म्या व्यासापर्यंत आला असेल तर बेंड कापून रिकामा करावा.