डॅशबोर्डखालचा स्विच

आमच्या पिकअपच्या डॅशबोर्डखाली, स्टेअरिंगच्या उजव्या बाजूला, गुडघा लागेल अशा बेतानं एक काळा खटक्याचा स्विच आहे. म्हणजे होता, मग मी काढला, आता परत आहे. कसं ते सांगतो पण जरा दमानं, कारण आधी गाडीची ओळख करून दिल्याशिवाय स्विचची मजा कळणार नाही.

गाडी २००८ ची. एमएच ०९, म्हणजे कोल्हापूर. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, कॉमन रेल वगैरे भानगड नाही, साधा मेकॅनिकल पंप. लॅपटॉप जोडून बघायचं असं तिच्यात काहीच नाही आणि म्हणूनच माझ्यासारख्या पतसंस्थेत दिवसभर कर्जाच्या फायली चाळणाऱ्या माणसाला तिच्यात हात घालायचं धाडस होतं. आबांनी घेतली ती गुऱ्हाळासाठी. गुळाचे रवे शाहू मार्केट यार्डात टाकायचे आणि येताना पेंड नाहीतर खताची पोती भरून आणायची. त्याच्या आधी मॅटाडोर होती, तिच्या आठवणी काढल्या की आबा अजून जेवण विसरतात. पुढं गुऱ्हाळ बंद झालं, ऊस कारखान्याला जायला लागला, रस उकळायची काहील पालथी घालून ठेवली, गाडी मात्र राहिली. आता तिला काम म्हणजे शेणखत, कडबा, भावकीतल्या लग्नाची भांडी आणि वर्षातनं एकदा कुंभारांच्या बापट कॅम्पातनं गल्लीचा गणपती. "विकून टाक की" असं सांगणारे शंभर आहेत, त्यातल्या नव्वद जणांनी कधी ना कधी फोन करून "उद्या गाडी मिळंल काय" विचारलंय हे पण नोंद करून ठेवतो.

मी स्वतः काम करतो ते पैसे वाचवायला, असं घरात सांगितलेलं आहे. बायकोला ते पटत नाही आणि तिचं बरोबर आहे, कारण वाचलेल्या पैशाचे पाने घेतले जातात. रिंग पाने, फिक्स पाने, गोट्यांचा सेट, ग्रीस गन, दोन टनी जॅक, मल्टीमीटर. रविवारी सकाळी गोणपाट अंथरून खाली सरकलो की दुपारी जेवायला हाक येईपर्यंत मी तिथंच. आबा दारात खुर्ची टाकून बसतात. त्यांना माझे फक्त पाय दिसतात आणि पायावरनं ते ओळखतात काम कसं चाललंय ते. पाय हलंनासे झाले की हाक येते, "काय रं, काम करालायस का निजलायस?"

पहिला धडा डिझेल फिल्टरनं दिला. नवा फिल्टर आणला, जुना काढला, नवा फिरवून बसवला, दहा मिनिटांत काम फत्ते, स्वतःवरच खूश. गाडी चालू पण झाली. पंपात होतं नव्हतं तेवढ्या डिझेलवर ती मला कळंब्याच्या रस्त्यापर्यंत घेऊन गेली, मागं हौद्यात लग्नाची पातेली, आणि तिथं दोन आचके देऊन गप्प. मी काय केलं तर सेल्फ मारत बसलो. मारून मारून बॅटरी उतरवली, मग आबांना फोन. फिल्टर बदलला म्हटल्यावर त्यांनी एकच विचारलं, "भरून लावलास का रिकामा?" रिकामा. म्हणजे लाइनमध्ये एअर. डिझेल इंजिनचं असं असतं की पंपाला डिझेल दाबून पुढं पाठवायचं असतं आणि डिझेल काही दबत नाही, हवा मात्र दबते, मग पंप बिचारा हवाच दाबत राहतो आणि नोझलपर्यंत काही पोचतच नाही. उपाय साधा आहे, फिल्टरच्या डोक्यावरचा एअरचा बोल्ट दोन आटे ढिला करायचा आणि हँडपंप मारायचा. किती वेळ मारायचा म्हणून विचारलं तर फोनवर आबा म्हणाले, "काहिलीवरची मळी कशी निघत्या, तसा फेस निघू दे. नितळ आलं की आवळ."

आता हे वाक्य कुठल्या मॅन्युअलमध्ये मिळणार आहे सांगा. मी पंप मारत राहिलो, बोल्टाच्या बुडातनं आधी फुस्स, मग पांढुरका फेस, मग बुडबुडे मोठे मोठे होत गेले आणि मग एकदम एकही बुडबुडा नसलेली डिझेलची तार बोटांवरनं मनगटापर्यंत आली. आवळला. एका रिक्षावाल्या मामांनी बॅटरीला बॅटरी जोडून दिली आणि गाडी चालू झाली. पातेली वेळेत पोचली, मी मात्र पंगतीत डिझेलचा वास मारत बसलो होतो आणि शेजारचा माणूस दर दोन घासांनी सरकत होता.

दुसरा धडा आट्यांचा. वॉटर बॉडीचा, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाचा, एक बोल्ट हरवला, मी डब्यातला त्याच जाडीचा दुसरा घेतला, थोडा जड जात होता पण म्हटलं जाईल, पान्याला पाइप लावून जोर दिला आणि एका क्षणी तो एकदम हलका झाला. ज्यानं हे अनुभवलंय त्याला माहितेय की पोटात काय होतं त्या वेळी. आटे गेले. तो बोल्ट घेऊन उद्यमनगरात गेलो तर दुकानदारानं तो बघितला पण नाही, अंगठा आणि बोटाच्या मधे धरून नखानं आटे खरवडले आणि म्हणाला, "हा दहाचा, दीडचा आटा हाय. तुमचा सव्वाचा आसणार." म्हणजे जाडी दोन्हीची १० मिलिमीटरच, पण एका आट्यापासनं दुसऱ्या आट्याचं अंतर एकाचं दीड मिलिमीटर आणि दुसऱ्याचं सव्वा. पाव मिलिमीटर! नखाला कळतो माणसाच्या. पलीकडच्या लेथवाल्यानं भोक मोठं करून, आत बुश बसवून, सव्वाचा आटा पाडून दिला.

उद्यमनगर ही आमच्या कोल्हापूरची खरी श्रीमंती आहे असं माझं मत आहे, तांबडा-पांढरा नंतर. इथं ऊस होता म्हणून पाणी उपसायला ऑइल इंजिनं आली, इंजिनं आली म्हणून ती मोडायला लागली, मोडायला लागली म्हणून पार्ट बनवणारे तयार झाले, पार्ट बनवायला ओतकाम लागलं म्हणून फाउंड्र्या आल्या आणि बघता बघता शिरोली-गोकुळ शिरगावपर्यंत भट्ट्या पेटल्या. आमच्या गावाला मिळत नाही म्हणून बसून राहायची सवय नाही. १९१८ च्या सुमाराला बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथं स्वतः बनवला, तर मी एक वॉटर बॉडी बसवू नये काय. (बायको म्हणाली, त्यांचे आटे गेले नव्हते.)

बाकी कामं किरकोळ. ऑइल, ग्रीस, फॅन बेल्ट, ब्रेकचे शू. आठ वर्षं झाली की माल वाहतुकीच्या गाडीला दरवर्षी पासिंग, त्यामुळं पासिंगच्या आधी महिनाभर आमच्याकडं दिवाळी असते, हौद्याच्या पत्र्याला घासकाम, लांबी, रेड ऑक्साइड, पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल रेडियमची पट्टी. २०१९ च्या पुरात चारा पोचवायला गाडी पाण्यात घातली होती, त्यानंतर डिफरन्सलचा, म्हणजे मागच्या चाकांच्या मधल्या गियरच्या डब्याचा, बोल्ट काढला तर ऑइल काळं यायच्या ऐवजी दुधाच्या चहासारखं आलं. चालून गरम झालेला डबा गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधनं, म्हणजे हवा जायच्या बारक्या तोंडातनं, पाणी ओढून घेते. हे मला नंतर समजलं. आबांना आधीच माहीत होतं, पण ते म्हणाले, बघितल्याशिवाय तुला पटलं नसतं.

आता स्विच.

गाडीचा लाईट कमी. हे दुखणं जुनंच. रात्री पन्हाळ्याच्या बाजूला धुकं असलं की पुढं आपल्याच गाडीचा लाईट आहे का कुणी कंदील धरलाय कळायचं नाही. मित्रानं सांगितलं एलईडी टाक. मी टाकला नाही. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब बसवला की उजेड फाकतो, आपल्याला वाटतं काय भारी लाईट झाला आणि समोरचा आपल्याला शिव्या घालत आंधळा होऊन जातो. त्यापेक्षा म्हटलं आहे त्या बल्बला पोटभर करंट मिळतोय का बघू. मल्टीमीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि हेडलाईटच्या सॉकेटवर ११.६! मधले दोन व्होल्ट गेले कुठं? दोन्ही हायबीम मिळून १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर, आणि तो सगळा करंट बॅटरीपासनं केबिनमध्ये येणार, स्टेअरिंगजवळच्या स्विचच्या झिजलेल्या पत्तीतनं जाणार, परत पुढं बल्बपर्यंत जाणार, ते पण इतक्या वर्षांच्या, जागोजागी हिरव्या पडलेल्या वायरीतनं. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड जवळपास तीस टक्के कमी होतो. आमचं तर सोळा टक्के गेलं होतं, म्हणजे जवळजवळ निम्मा उजेड वायरीच खात होत्या.

इलाज रिले, म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. लो बीमला एक, हाय बीमला एक. बॅटरीपासनं फ्यूज घालून जाड वायर थेट रिलेला, रिलेपासनं थेट बल्बला, आणि जुन्या स्विचनं आता नुसता रिलेला इशारा करायचा. रिलेला चार पाय असतात आणि त्यावर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. १, २, ३, ४ का नाही म्हणून मी कितीतरी वेळ चरफडत होतो, तर ते जर्मन मानकातले आकडे निघाले, जगात कुठंही जा, ३० म्हणजे बॅटरी. अर्थिंगसाठी पत्र्यावरचा रंग खरवडून चकचकीत केला, सगळं आवळलं, मीटर लावला. बल्बवर १३.३.

हे करताना डॅशबोर्डखालच्या सगळ्या वायरी बाहेर काढल्या होत्या, एकेक कुठं जाते बघत होतो. तो काळा स्विच मला लहानपणापासनं माहीत, त्याला हात लावायचा नाही एवढंच माहीत. त्याच्या दोन वायरी धरून मागं गेलो. वीतभर आत गेल्यावर दोन्ही एकत्र पीळ मारलेल्या, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, ट्यूबवर सुतळी. बास. पुढं काही नाही. कशालाच जोडलेल्या नाहीत.

"आबा, ह्यो स्विच कशाचा?"

आबांनी पेपर खाली केला. आधी कळलंच नाही त्यांना, मग चेहरा असा काही झाला की मला वाटलं ठसका लागला. हसत होते. म्हणाले, "त्यो? त्यो ड्रायव्हर मामांचा."

आमचे ड्रायव्हर मामा गुऱ्हाळाच्या सुरुवातीपासनं गाडीवर. नवी गाडी आली तरी त्यांची रोज रात्री एकच तक्रार, मालक लाईट कमी हाय. बल्ब बदलले, काच पुसली, बॅटरी तपासली. तरी कमीच. वायरमनकडं न्यायची तर गळीत चालू, गाडी एक दिवस थांबवणं परवडायचं नाही. मग एका दुपारी आबांनी डब्यातला खटक्याचा स्विच काढला, डॅशबोर्डखाली दोन स्क्रू मारून बसवला आणि मामांना सांगितलं, हा टाकला की लाईट वाढतो, पण घाटातच टाकायचा, सारखा टाकलास तर बॅटरी उतरंल.

ते शेवटचं वाक्य म्हणजे खरं डोकं. मामा दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन म्हणाले, "लई फरक पडतोय बगा मालक." त्यानंतर तक्रार नाही. सात-आठ सीझन त्यांनी तो स्विच अगदी जपून वापरला, घाट उतरला की आठवणीनं बंद करायचे. दुसऱ्या एका गुऱ्हाळाचे मालक तर आबांकडं आले होते म्हणे, आमच्या गाडीला पण तसला एक बसवून द्या म्हणून.

मी हसलो, स्विच काढून डब्यात टाकला, भोकाला रबरी बूच मारलं.

मग एका रविवारी जोतिबाला गेलो. आबा, मी आणि मामा. मामा आता शाळेची गाडी चालवतात, पण जुनी गाडी दिसली की त्यांचा हात शिवशिवतो, म्हटलं येताना तुम्हीच घ्या. अंधार पडला होता. मी मुद्दाम काही बोललो नाही, म्हटलं बघू यांच्या लक्षात येतं का. डोंगर उतरताना पहिल्याच वळणाला त्यांचा उजवा हात स्टेअरिंग सोडून गुडघ्याजवळ गेला, पत्रा चाचपला, बूच लागलं.

"स्विच कुठाय?"

मी सगळं सांगितलं. रिले सांगितला, १३.३ सांगितलं, वायरीतला लॉस सांगितला. मामांनी सगळं ऐकून घेतलं, पुढं रस्त्यावर पार त्या टोकाच्या झाडापर्यंत पांढराशुभ्र उजेड पडला होता.

"ते आसंल वो," मामा म्हणाले. "पर स्विच काडायला नको हुता. उजेड कमी वाटालाय."

आबा मधे बसले होते. ते समोरच्या काचेतनं बाहेर बघायला लागले, माझ्याकडं नाही.

पुढच्या रविवारी मी डबा उपसून तो स्विच शोधला, बूच काढलं, जुन्याच दोन भोकांत दोन स्क्रू मारले, वायरींना पीळ मारून ट्यूबची पट्टी पण परत गुंडाळली. आबा खुर्चीवरनं उठून आले, दारातनं वाकून बघितलं.

"जोडलास का कशाला?"

"न्हाई."

त्यांनी हात आत घालून अंगठ्यानं खटका दोनदा वरखाली केला.

"जरा घट्ट बसालाय," म्हणाले, "दोन थेंब तेल सोड."